हळदीच्या अंगानं धोदाणी

पाय टेकला की संपलं. हा नियम बाबांचा, आणि बाबांच्या नियमावर अपील चालत नाही.

आम्ही बापलेक दर रविवारी पहाटे सायकली काढायचो. सुरुवात झाली ती बाबांच्या साखरेपासून. डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. बाबा म्हणाले, उभा जन्म भातशेतीच्या बांधावरून चाललो, आता शेतावर टॉवर उभे राहिले तर चालू कुठं, लिफ्टमध्ये? आणि रागारागानं त्यांनी माळ्यावरची जुनी काळी सायकल खाली उतरवली. तिला कॅरिअर आहे, डायनॅमो आहे, अख्ख्या आळीला जाग येईल अशी घंटा आहे. गिअर तेवढा नाही. मला म्हणाले, "तू पन चल गो. एकटाच दिसलो त लोकां बोलतील, याची गाडी बँकेनं उचलली." म्हणून मी गेले. पहिल्या दिवशी कर्नाळ्यापर्यंत जाऊन आले आणि घराच्या पहिल्याच पायरीवर बसून राहिले, कारण जिना चढवेना. पुढच्या रविवारी मात्र मीच बाबांना हलवून उठवलं.

त्यानंतर पनवेलच्या आसपासचा एकही चढ आम्ही सोडला नाही. कर्नाळ्याच्या खिंडीत माकडांनी बाबांची केळी पळवली. शेडुंगवरून चौक गावाकडे जाताना ट्रकवाले हॉर्न मारून मला चिअर करायचे, निदान मी तरी तसंच समजायचे. आपट्याचा रस्ता नदीच्या कडेकडेनं इतका गोड जातो की त्यावर कुणाशी भांडताच येत नाही, त्यामुळे मला तो फारसा आवडला नाही. बेलपाड्याच्या मागून खारघरच्या टेकडीवर गेलो तेव्हा खाली सगळी सोन्यासारखी शेतं होती म्हणून बाबा दाखवत होते आणि मला नुसतं पार्किंग दिसत होतं. सायकल घ्यायच्या आधी मला वाटायचं आपण सपाटीला राहतो. खोटं आहे ते. पनवेलमधून कुठल्याही दिशेला निघा, समुद्राची बाजू सोडली तर थोड्या वेळात डोंगर येऊन आडवा बसतो.

पण माझं खरं वैर होतं ते धोदाणीच्या चढाशी.

सुकापूर, नेरे करत गेलं की हळूहळू दुकानं विरळ होतात, गाढी नदी बाजूला येते, उजव्या हाताला प्रबळगड आणि समोर माथेरानचा डोंगर. मालडुंग्याच्या पुढे एक छोटा पूल आहे. तिथून चढ सुरू. मध्ये ठाकरवाडी, तिच्यावर जांभळीचं वळण, आणि शेवटी एसटी जिथून मागे फिरते तो थांबा. पुलापासून थांब्यापर्यंत एकदाही पाय न टेकवता जायचं, एवढंच. ऐकायला सोपं आहे. त्या जांभळीच्या वळणावर रस्ता असा काही उभा राहतो की सायकल पुढे जायच्या ऐवजी वर बघायला लागते. वर्षभर मी दर वेळी तिथे पाय टेकला.

बाबा वर येत नसत. ते वाडीतल्या पारावर बसून बायकांकडून काळा चहा घेत आणि तिथून वळणाकडे बघत. साखरवाल्याला बिनसाखरेचा चहा, पण सोबत गप्पा इतक्या गोड की साखर वाढायची राहत नसे. नजर मात्र घारीची. मी वळणावर पाय टेकला रे टेकला की खालून हाक यायची, "टेकलाऽऽ!" अख्खा डोंगर ते ऐकायचा. एकदा मी जमिनीवर नाही, रस्त्याकडेच्या दगडावर पाय ठेवला. "दगड बी जमीनच." एकदा नुसता अंगठा लागला. "अंगठा कोनाचा, शेजाऱ्याचा?" एकदा मी मैलाच्या दगडाला हातानं धरून दम खाल्ला. त्यावर बाबांनी बराच विचार केला आणि निकाल दिला, "हात चालंल. पाय नाय." एकदा मी वर जाणाऱ्या एसटीची खिडकी पकडली. तेव्हा तर त्यांनी मला वाडीसमोर उभं करून झापलं, "यष्टी चढली. तू नाय."

मी भडकायचे. माझं डोकं तसंही तव्यावरच असतं. वळण चुकीचं बांधलंय, खडी सुटलीये, वारा समोरचा होता, सगळी कारणं मी देऊन पाहिली. बाबा एकच म्हणायचे, "नाचता येईना, आंगन वाकडा." आणि सायकलचं टायर अंगठ्यानं दाबून बघायचे. हा त्यांचा संभाषण संपवायचा मार्ग.

तेवढ्यात माझं लग्न ठरलं.

मुलगा उरणचा, आखातात एका प्लँटवर नोकरीला. स्वभावानं इतका शांत की मला पहिल्यांदा वाटलं व्हिडिओ कॉल अडकलाय. मला आवडला, मी त्याला आवडले, आणि लग्नानंतर मीही तिकडे जायचं ठरलं. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, तिकडे सायकल चालवता येते का? तो खुशीत म्हणाला, "रस्ते एकदम गुळगुळीत. कॅरमबोर्ड." मी विचारलं, आणि चढ? तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "एक ओव्हरब्रिज आहे."

म्हणजे धोदाणी जमली तर आत्ताच, नाहीतर राहिलीच. आणि मी दर रविवारी जांभळीशी पाय टेकतच होते. साखरपुडा झाला, टेकला. बस्ता झाला, टेकला. पत्रिका वाटून झाल्या, टेकला. शेवटच्या रविवारचं म्हणाल तर त्या दिवशी माझं लग्न होतं.

आता आमच्याकडची हळद काय असते ते माहीत नसलेल्यांसाठी सांगते. आमच्याकडे लग्नाला माणसं येतात ती आहेर द्यायला. खरी येतात ती आदल्या दिवशीच्या हळदीला. बँड, मटण, नाच, आणि ज्या काकांना वर्षभर गुडघेदुखी असते तेच सगळ्यात पुढे. मला पाटावर बसवून गावातल्या यच्चयावत बायकांनी हळद फासली, कानामागे, मानेत, कोपरांत, जिथे हात पोचेल तिथे. कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. आणि धवलारीण धवले म्हणत होती. धवलारीण म्हणजे आमच्या लग्नातली भटजीच म्हणा, बाई असते, आणि सगळे विधी गाण्यांतून करते. आमची धवलारीण म्हातारी, आवाज मात्र बँडला भारी. तिनं मला बजावून सांगितलं, हलद लागलेल्या पोरीनं शीव ओलांडायची नाय, हलद उतरेपर्यंत घराबाहेर पाऊल नाय, आनि लोखंड जवळ ठेवायचा.

मी मान डोलावली. नवरीची मान डोलावण्यासाठीच असते.

पहाटे मांडवात सगळीकडे माणसं पडली होती. काका ढोलकीवर डोकं ठेवून झोपले होते. आई पातेल्यांच्या पहाऱ्यावर बसून बसून तिथेच डुलकी घेत होती. मी लेगिंग्ज चढवली, सायकलची जर्सी घातली, हेल्मेट मुंडावळ्यांवरूनच दाबून बसवलं. चुड्याचं काय करावं? बांगडी फुटली तर अपशकुन, आणि आई त्याहून मोठा अपशकुन. शेवटी बाबांचे लांब मोजे शोधले, त्यांचे पुढचे शेंडे कापले आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओढले. आरशात पाहिलं. पिवळी, मोजे घातलेली, कपाळावरून मोत्यांच्या माळा लोंबणारी. मला इतकं हसू फुटलं की तोंडात टॉवेल कोंबावा लागला.

सायकल ढकलत मागच्या दारी आले तर तिथे धवलारीण चुलीशी शेकत बसलेली. तिच्या शेजारी बाबा.

"कुठं चाललीस?" धवलारणीनं विचारलं.

"धोदाणीला," मी म्हटलं. खोटं सुचलं नाही.

"हलदीच्या अंगानं?"

"आजच्यानंतर चढ मिळणार नाही मला," मी म्हटलं, आणि माझा आवाज एकदम चिरकला. मलाच कळेना काय झालं ते. हसता हसता रडायला आलं होतं, आणि रडताना हळद डोळ्यांत गेली, त्यामुळे आणखी पाणी. "तिकडे नुसता एक ओव्हरब्रिज आहे."

धवलारणीला ओव्हरब्रिजचं दुःख काय कळलं देव जाणे, पण ती उठून सायकलपाशी आली. मग सायकलच्या दांडीवर टिचकी मारली. "लोखंड हाय?"

"अ‍ॅल्युमिनियम," मी म्हटलं. इथेही खोटं सुचलं नाही.

"मंग नाय."

तेव्हा बाबा उठले. पडवीतून त्यांनी आपली काळी सायकल काढली, कॅरिअरवरची फुलांची टोपली खाली ठेवली, आणि धवलारणीला म्हणाले, "ही घ्या लोखंड. अस्सल. हिच्या बाजूनंच चालवतंय."

धवलारणीनं विचार केला. धवलारीण असली तरी ती वकिलाच्या वरताण होती. म्हणाली, "लोखंड बाजूला, बापूस बाजूला, त शीव ओलांडलीच नाय असा धरायचा. पन नाहायच्या टायमाला परत या. आनि मी तुमाला बघितला नाय."

आणि आम्ही सुटलो!

माघातली पहाट, थंडी अशी की हळद अंगावर कडक झालेली. हसले की गालावर तडकायची. बाबा माझ्या शेजारून चिकटून चालवत होते, कारण ते आता बाप नव्हते, लोखंड होते. मी पुढे गेले की ओरडायचे, "हलू! लोखंड मागं राहतंय!" मोज्यांच्या आत बांगड्या खुळखुळ वाजत होत्या. सुकापूरला शहरातल्या सायकलवाल्यांचा घोळका भेटला, रविवारचे डॉक्टर-इंजिनिअर, चकचकीत चष्मे लावलेले. त्यांतल्या एकानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, सनस्क्रीन जरा जास्त झालंय." मी म्हटलं, "आज संध्याकाळी लग्न आहे माझं." तो सायकलवरून पडता पडता राहिला. घोळक्यातले सगळे वळून टाळ्या वाजवायला लागले, आणि बाबांनी रुबाबात घंटा वाजवून त्यांना मागे टाकलं. काळ्या सायकलनं गिअरवाल्यांना मागे टाकलं ही गोष्ट ते अजून सांगतात. ते सगळे टाळ्या वाजवायला थांबले होते हे सांगत नाहीत.

नेऱ्याच्या पुढे उजाडलं. पळसाला नुकते कळे धरले होते. प्रबळगडाच्या मागून ऊन आलं आणि माझी सावली रस्त्यावर पडली, हेल्मेटमधून दोन्ही बाजूंनी मुंडावळ्या लोंबणारी. मी त्या सावलीकडे बघून मोठ्यांदा गात होते, धवलेच, अर्धे विसरलेले. आयुष्यात मी इतकी खूश कधी नव्हते. लग्नाच्या दिवशी नवरीनं खूश असावं म्हणतात, ते असं नसावं बहुतेक.

पूल आला. बाबांनी माझं टायर अंगठ्यानं दाबलं. "पाय टेकला की संपला," म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे. आणि पेडल मारलं.

बाबा पहिल्या चढावरच उतरले आणि सायकल हातात धरून माझ्या बाजूनं धावत-चालत येऊ लागले. ते म्हणाले, लोखंडाला नियम नाय. मी सगळ्यात हलक्या गिअरवर, श्वास मोजत, जिभेवर हळदीची चव. पाय ठीक होते. मला आतून कळत होतं की आज जमणार. रात्रभर नाचल्यानं पाय सैल झाले होते की काय कोण जाणे, पण आज जांभळी माझी होती.

आणि मध्ये वाडी आली.

वाडीच्या बायका सकाळच्या पाण्याला बाहेर पडल्या होत्या. त्या मला वर्षभर ओळखत होत्या. बाबांनी त्यांना लग्नाचं बोलावणंही केलं होतं. त्यांनी पाहिलं तर खालून पिवळीधमक नवरी येतेय, मुंडावळ्या हलवत. एकीनं हंडा खाली ठेवला.

"अगं बया, नवरी!"

"आपली सायकलवाली ती!"

"थांब गं! हलदीची नवरी वाडीवरनं रिकामी जाते का कुठं? ओटी भरूदे!"

त्यांच्या दृष्टीनं त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. हळदीची पोर दारावरून चालली, तर तिची ओटी भरायची. त्यांनी रस्ता अडवला. हातात हात गुंफून, हसत, उभ्या.

मी किंचाळले, "पाय टेकायचा नाही मला! बाजूला व्हा! मावशी, पाया पडते तुमच्या!"

"पाया पड मग, उतर," एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"उतरता येत नाही! बाबा, सांगा ना यांना!"

बाबा धापा टाकत, सायकलवर रेलून म्हणाले, "पाय टेकला की संपला बघा तिचा. हात चालंल." बस, एवढंच बोलले. पण वाडीच्या बायका त्या. वर्षभर बाबांचं "टेकला" ऐकून त्यांना नियम पाठ झाला होता. सायकल थांबायच्या आत एकीनं हँडल धरलं, दुसरीनं मागून सीट, आणि तिसरी, सगळ्यांत थोराड, तिनं माझ्या डाव्या पायाचा घोटाच पेडलवर दाबून धरला. मी चढावर, हवेत, थरथरत, दोन्ही पाय पेडलवर. पडले नाही. टेकले नाही. श्वासही घेतला नाही.

एक पोरगी घरातून तांदूळ घेऊन आली, दुसरी नारळ, तिसरी स्वतःचा कोरा खण. मग पेच पडला. ओटी घ्यायची पदरात, आणि माझ्या जर्सीला पदर कुठला?

"मागं खिसं हायत," सीट धरणारी म्हणाली.

सायकलच्या जर्सीला पाठीमागे कमरेवर खिसे असतात, केळी-बिस्किटं ठेवायला. त्यांनी एका खिशात तांदूळ ओतले, दुसऱ्यात खण कोंबला, तिसऱ्यात नारळ. शेंडीवाला. कुंकू लावायला कपाळ सापडेना तर हेल्मेटलाच लावलं. मी हसत होते की रडत होते ते मला आठवत नाही. हसतच असेन. तांदूळ पाठीवरून खाली पायापर्यंत घरंगळत होते आणि मला गुदगुल्या होत होत्या, आणि हसले तर तोल जाईल म्हणून मी देवाचं नाव घेत होते.

"झाली ओटी," थोराड बाई म्हणाली. "आता जा सासरी." आणि सगळ्यांनी मिळून ढकललं.

मी सुटले. पाठीत नारळ ठोके देत होता, दर पेडलला एक. मागून बायका ओरडत होत्या, बाबा लोखंडासकट धावत होते. जांभळीचं वळण आलं. रस्ता उभा राहिला. सायकल वर बघायला लागली. मी त्या सायकलला, त्या वळणाला आणि ज्यानं तो रस्ता बांधला त्याला अशा शिव्या दिल्या की हळदीच्या तोंडून त्या शोभल्या नसतील. आणि जांभळ मागे गेली.

मागे गेली! पुढे नुसता सोपा चढ आणि थांबा. मी थांब्याच्या खांबाला मिठी मारली आणि मग पाय टेकला. दोन्ही.

बाबा बऱ्याच वेळानं पोचले, सायकल ओढत, लालबुंद. मी नाचत होते, तांदूळ उडत होते. "चाललं ना? बाबा, चाललं ना?"

बाबांनी घाम पुसला. "टेकला नाय. पन ढकलली."

"सुरुवातीला! नुसतं सुरू करायला! वळण माझं मी चढले!"

"यष्टीवाला मामला हाय," बाबा म्हणाले. "निकाल सांजला." आणि टायर अंगठ्यानं दाबून बघितलं.

मी उतारभर त्यांच्याशी भांडत खाली आले. घरी आई दारात उभी होती. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही. धवलारणीनं कपाळावर हात मारून "मना काय म्हायती नाय" म्हटलं आणि नाहाणाचं गाणं सुरू केलं. मी न्हाऊन निघाले तर पाण्याबरोबर तांदूळच तांदूळ.

गोरज मुहूर्ताला लग्न लागलं. वाडीच्या बायका टेम्पो करून आल्या होत्या, जेवल्या, नाचल्या. सायकलवाले डॉक्टर-इंजिनिअरही आले, कोणी न बोलावता, आणि त्यांना वाढायला बाबा स्वतः गेले. दिवसभर मी बाबांच्या डोळ्यांकडे बघत होते. अक्षता पडताना खुणेनं विचारलं. जेवताना विचारलं. ते आपले "सांजला, सांजला." सांज होऊन गेली होती. आणि मला काय हवं होतं तर एक "चालला", बस. सोनं नको, मानपान नको. वर्षभर ज्यानं "टेकला" म्हटलं त्यानं एकदा "चालला" म्हणावं आणि मग मी जावं.

पाठवणीची वेळ झाली. गाडी सजवलेली, नवरा आत, आई रडतेय, काकू रडतायत, मला मात्र रडायला सवड नव्हती. मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले.

"निकाल?"

बाबांनी घसा खाकरला.

"टेकला व्हतास," ते म्हणाले. "वाडीत. डावा."

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "डावा? डावा पाय पेडलवर होता! दाबून धरला होता!"

वाडीची थोराड बाई गर्दीतून पुढे आली. "मीच घोटा धरला व्हता ना! टेकल कुठनं?"

"टेकला," बाबा म्हणाले. "मी बघितला."

मी भरजरी शालूत, कंबरेवर हात ठेवून, सगळ्या वऱ्हाडासमोर बापाशी भांडायला उभी राहिले. नवरा गाडीतून उतरून बघायला लागला, आपण कुणाशी लग्न केलंय ते. मी म्हटलं, तुम्ही खोटं बोलताय. मी म्हटलं, तुम्ही आयुष्यात कधी खोटा निकाल दिला नाही, आज देताय. मी म्हटलं, का?

बाबा माझ्याकडे बघेनात. ते गाडीपाशी वाकले आणि त्या सजवलेल्या गाडीचं टायर अंगठ्यानं दाबत राहिले. मोटारीचं टायर अंगठ्यानं दबत नाही. तरी दाबत राहिले. मग खालीच बघत म्हणाले, "टेकला म्हनजे झाला नाय. झाला नाय म्हनजे परत करावा लागंल."

तेव्हा मला कळलं. कळलं आणि मी तिथेच मातीत बसले, शालूसकट, आणि अशी रडले की आईचं रडणं थांबलं. हळद नव्हती, तरी डोळे चुरचुरत होते.

"बरं," मी म्हटलं. "टेकला. डावा."

"सायकल हाय इथंच," बाबा म्हणाले. "हवा मारून ठेवतंय."

आता मी सपाटीला राहते. नवरा चांगला आहे. मला बरं वाटावं म्हणून तो दर शुक्रवारी माझ्याबरोबर ओव्हरब्रिज चढतो आणि वर पोचलं की टाळ्या वाजवतो. दर सुट्टीत मी पनवेलला जाते, आणि पहिल्या रविवारी आम्ही धोदाणीला. बाबांची दृष्टी आताशा अधू झाली आहे. पारावरून त्यांना वळण दिसत नाही, म्हणून ते लोखंड ढकलत हळूहळू जांभळीपर्यंत येऊन उभे राहतात. गेल्या खेपेला मी ते वळण इतक्या सहज चढले की श्वासही चढला नाही. आता मला ते जमतं. कितीदाही जमेल.

मी त्यांच्या पुढ्यातून गेले, थांब्याला वळसा घालून परत आले. ते माझ्या पायांकडे डोळे बारीक करून बघत होते, आणि अंगठ्यानं माझं टायर दाबत होते.

"टेकला, बाबा," मी म्हटलं. "डावा."